नाकेबंदीतील यंत्रे

पूर्णा हे गाव ज्या नदीचे नाव धारण करते, ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गावापासून जवळच गोदावरीस मिळते. परंतु अर्वाचीन काळात या गावाला जी प्रसिद्धी लाभली ती नदीमुळे नव्हे, लोहमार्गामुळे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून काढण्यात आला, 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि तेव्हापासून कोळसा, पाणी व इंजिन या तीन गोष्टींवर या गावाचा प्रपंच उभा राहिला. या मार्गावरील इंजिनांची मोठी दुरुस्ती सिकंदराबादेच्या लालागुडा कारखान्यात होई खरी, पण इंजिन मुळात यावयाचे विलायतेहून. मुंबई बंदरात उतरलेला जिन्नस रुंद मार्गाने मनमाडास यावयाचा, तेथे हमालांच्या खांद्यांवरून मीटरगेजच्या डब्यात चढावयाचा, आणि मग संस्थानाच्या हद्दीत शिरून करोडगिरीच्या अंमलदारांच्या नजरेखालून पुढे सरकावयाचा. मनमाड मुंबई इलाख्यात होते. म्हणजे संस्थानाच्या पश्चिम दाराची कडी दुसऱ्याच्या हाती होती.

ही कडी केव्हा लागली हे मराठवाड्यातील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने हिंदुस्थान सरकारशी जैसे थे करार केला. पण लगोलग हैदराबाद दरबाराने हिंदुस्थानी चलन संस्थानात अग्राह्य ठरविले, मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी केली आणि पाकिस्तानास वीस कोटींचे कर्ज देऊ केले, तेव्हा दोन्ही बाजूंचा विश्वास उरला नाही. पुढे 1948 च्या उन्हाळ्यात सरहद्दीवरील नाक्यांतून माल सुटेना, पेट्रोल, औषधे आणि यंत्रांचे भाग अडविले जातात अशी निजाम सरकारची तक्रार सुरू झाली, तर आपण अशी नाकेबंदी जाहीर केलीच नाही असे दिल्लीचे उत्तर होते. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून छावण्यांच्या आश्रयास गेली होती, सबब नाक्यावरील संताप न्याय्य होता, असे मी निःशंकपणे मानतो. परंतु ज्या जिनसासाठी मुख्यत्वे नाका आवळायचा, ती शस्त्रेच नेमकी नाक्यावरून गेली नाहीत. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून लँकास्ट्रियन विमाने रातोरात बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवून ती आणली, आणि या उद्योगाबद्दल पुढे इंग्लंडातील न्यायालयाने त्यास अवघा दोनशे पौंड दंड केला. 21 ऑगस्ट 1948 रोजी निजामाची तक्रार सुरक्षा समितीपुढे गेली; 13 सप्टेंबरला पोलिस कारवाई सुरू झाली आणि पाचव्या दिवशी संस्थान संपले.

पूर्णेस टंचाईचा दुसरा पाठ मिळाला तो कोणत्याही फर्मानाविना. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1972 मध्ये वायजी जातीचे शेवटचे इंजिन बाहेर पडले आणि भारतात बाष्प इंजिन घडविणे थांबले. तरी मीटरगेजवर ती इंजिने पुढे वीस वर्षे धावत राहिली. जे इंजिन पुन्हा उभे राहण्याजोगे नसे ते शेडच्या कडेच्या रुळावर लावून ठेवीत, आणि त्याच्या अंगावरून एकेक वस्तू उतरे. प्रथम पितळ जाई: इंजेक्टर, पाण्याच्या काचेच्या तोट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह. मग बेअरिंगचे ब्रास, मग दांडे. शेवटी बॉयलरचा पिंप तेवढा गंजत पडे. फिटरला यात संकोच नसे, कारण काढलेला इंजेक्टर तो हाताने घासून, बसवून, वाफेवर तपासून पाही, आणि त्यात दोष राहिलाच तर इंजिन वाटेत थांबे, इतकेच.

विमानाची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी का हे समजल्याशिवाय निर्बंधांनी खिळलेल्या विमानांची कहाणी समजत नाही. जेट इंजिनातील चक्तीला ठरावीक उड्डाणांचे आयुष्य असते. ते भरले की ती दिसावयास निर्दोष असली तरी काढून टाकावी लागते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाबरोबर एक दस्तऐवज चालतो: तो कोठे घडला, किती तास उडाला, कोणी उघडला, कोणाच्या सहीने परत बसला. सुस्थितीतील विमान कंपनीही प्रसंगी एका विमानाचा भाग दुसऱ्यास लावते, पण त्याची नोंद होते आणि नवा भाग येताच पहिल्याचे देणे फिटते. निर्बंधांत नवा भाग येतच नाही. देणे तुंबत जाते, उभ्या विमानाचे अवयव चालत्या विमानांत विखुरतात, आणि त्यांच्या दप्तरातील धागा कोठेतरी तुटतो. गंजापेक्षा भयंकर आहे तो हा तुटलेला धागा.

आपल्या किनाऱ्यानेही हे पाहिले आहे. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे 1971 पासून आपल्याकडे होती; ती घेतली ब्रिटनच्या वेस्टलंड कंपनीकडून, पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकोर्स्कीची आणि इंजिनाचा आराखडा जनरल इलेक्ट्रिकचा. मे 1998 मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले, अमेरिकेने निर्बंध लादले, आणि ब्रिटनहून यावयाचे भागही त्यांतील अमेरिकन अंशामुळे अडले. पाणबुड्यांचा माग काढणारी ही यंत्रे जमिनीवर बसू लागली, आणि काही थोडी उडती ठेवण्यासाठी बाकीच्यांचे भाग काढण्याची वेळ तंत्रज्ञांवर आली. सप्टेंबर 2001 मध्ये निर्बंध उठले. आपला भोग तीन-साडेतीन वर्षांचा होता, आणि तो सैनिकी यंत्रांपुरता होता.

इराकचा आणि इराणचा तसा नव्हता. ऑगस्ट 1990 मध्ये सुरक्षा समितीने 661 क्रमांकाच्या ठरावाने इराकशी व्यापार बंद केला, सप्टेंबरात 670 क्रमांकाने हवाई वाहतूक रोखली, आणि युद्धाच्या भीतीने अम्मानला व ट्युनिशियातील तोझर येथे नेऊन ठेवलेली इराकी प्रवासी विमाने तेथेच उन्हात उभी राहिली. पहिल्या ठरावात औषधे, आणि मानवतेच्या दृष्टीने निकड असेल तेथे अन्न, वगळण्याची तरतूद होती. प्रवाशाचा जीव ज्या भागावर अवलंबून असतो तो मात्र कोणास आठवला नाही. इराणमध्ये 1979 च्या क्रांतीपूर्वी घेतलेली बोइंग विमाने, जगाने ती मोडीत काढल्यावरही, चालू शतकात उडत राहिली, आणि त्यांना जगवावयास लागणारे भाग उभ्या केलेल्या विमानांतून व मध्यस्थांच्या आडवाटेने आले. युरोपातून विमान घ्यावे तर त्यातही दहा टक्क्यांहून अधिक अंश अमेरिकन असल्यास अमेरिकेचा परवाना लागे. रशियावर 2022 च्या फेब्रुवारीत निर्बंध आले आणि सहा महिन्यांतच, जवळजवळ नव्या एअरबस ए-350 सारख्या विमानाचे भाग काढले जात असल्याचे वृत्त आले. हा देश स्वतः विमाने घडवितो, हे लक्षात घ्यावे.

आक्रमक राजसत्तेवर निर्बंध घालू नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. 1948 च्या मराठवाड्याचा इतिहास वाचलेल्या माणसास तसे म्हणता येणार नाही. परंतु राज्यकर्त्यांस स्वतःपुरते एक सुस्थितीतील विमान नेहमीच मिळते. तिकीट काढून बसणाऱ्या आजारी वृद्धास, परीक्षेस निघालेल्या विद्यार्थिनीस ते मिळत नाही. नागरी विमानाच्या सुरक्षेस लागणारा भाग औषधाच्याच रांगेत बसला पाहिजे, आणि त्याच्या दस्तऐवजासकट तो उघडपणे पोहोचला पाहिजे. हा विचार मुत्सद्द्यांना सुचलाच नाही असे नाही. 24 नोव्हेंबर 2013 रोजी जिनिव्हात इराणशी जो अंतरिम समझोता झाला, त्यात नागरी विमानांच्या सुरक्षेसाठी सुटे भाग देण्याचे कलम होते, आणि पुढील वर्षी बोइंग व जनरल इलेक्ट्रिक यांना त्याचे परवाने मिळाले. त्या परवान्याखाली 2014 च्या तिसऱ्या तिमाहीत बोइंगने इराण एअरला, 1979 नंतर प्रथमच, काही माल विकला. त्याची किंमत सुमारे एक लक्ष वीस हजार डॉलर होती, आणि त्यात पुस्तिका, आराखडे आणि मार्गनकाशे होते. सुटा भाग त्यात एकही नव्हता.