अंगणात गेलेली शाळा

साखरशेतचा एक मुलगा बाप वारल्यावर बोलेनासा झाला. आम्ही प्रश्न विचारीत राहिलो; तो काडीने मातीत माणूस काढी व पुसून टाकी.

गेस्टाल्ट उपचारपद्धती मुलांसाठी वापरताना व्हायोलेट ओकलँडर यांनी चित्र, माती, खेळ हीच मुलाची भाषा मानली. त्यांचे पुस्तक १९७८ चे. त्यापूर्वीच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण आरंभिले. १९५७ मध्ये त्या कोसबाडला आल्या. ते शिक्षण होते, उपचार नव्हे; पण मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, गुराख्यांमागे कुरणातही गेली. आम्ही मात्र धर्मशिक्षणात पाठांतरच घेत आलो.

परवा वही मिटून आम्ही त्याच्याजवळ मातीत बसलो. तो माणूस कोण, हे त्याने आपणहून सांगितले.