एका कान्याचे अंतर

आरमोरीच्या बसस्थानकावर ‘एस.टी. आली’ असे कोणी म्हटले, की प्रवासी पिशव्या उचलतात. शाळेच्या कार्यालयात ‘एस.टी. किती?’ असा प्रश्न आला, की पटाची नोंदवही उघडावी लागते. ‘एस.टी.ची सवलत’ म्हणजे बसचा पास की शिष्यवृत्ती, हे तर पुढचे वाक्य ऐकल्यावरच कळते.

पहिली एस.टी. म्हणजे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’. १ जून १९४८ रोजी तिची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ साली, आणि त्यातून गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये.

दुसरी एस.टी. राज्यघटनेतली. १९३५ च्या कायद्यात ‘अनुसूचित जाती’ होत्या, जमातींना मात्र ‘मागास’ हे विशेषण होते. घटनेने दोहोंना ‘अनुसूचित’ म्हटले. अनुसूचित म्हणजे यादीत नोंदलेले, एवढाच त्याचा अर्थ. कलम ३४१ जातींसाठी, ३४२ जमातींसाठी. राष्ट्रपतींचे दोन वेगळे आदेश १९५० मध्ये निघाले.

इंग्रजीत ही दोन नावे ‘सी’ आणि ‘टी’ यांवरून सहज ओळखू येतात. खरी अडचण मराठीत आहे. संक्षेप करताना इंग्रजी शब्दाचा पहिला वर्ण उचलते, आपण पहिले अक्षर उचलतो, आणि अक्षराबरोबर त्याचा स्वरही येतो. म्हणून जातीचे झाले ‘अ.जा.’ आणि जमातीचे ‘अ.ज.’. हिंदीने ‘जनजाति’ शब्द घेतल्यामुळे तिथे ‘अ.ज.जा.’ होते व गोंधळ टळतो. आपण ‘जमात’ हा अरबीतून आलेला, बोलण्यात रुळलेला शब्द घेतला. शब्द चांगलाच आहे. पण संक्षेपात फरक उरला तो एका कान्याचा.

हा काना पुसट छपाईत उडतो, घाईच्या हस्ताक्षरात शेजारच्या उभ्या रेघेत मिसळतो. परिणाम मात्र पुसट नसतो. दोन्ही गटांच्या आरक्षणाची टक्केवारी वेगळी, प्रमाणपत्र पडताळणीच्या समित्या वेगळ्या. आदिवासी विकास विभागही १९८३ पासून स्वतंत्र आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के होते, अनुसूचित जातींचे सुमारे ११ टक्के. अशा जिल्ह्यात दाखल्यावरचा काना चुकला, तर मुलाचा अर्ज भलत्याच टेबलावर जातो आणि पालकांना मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात. आम्हांला वाटते, दाखल्यावर तरी पूर्ण शब्दच लिहावा. शाई फारशी लागत नाही.

‘वि.जा.भ.ज.’ या संक्षेपात तर काना असलेला आणि नसलेला ‘ज’ शेजारी बसतात: विमुक्त जाती, भटक्या जमाती. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावर जे मुक्त झाले, ते विमुक्त. यातला ‘ज’ जमातीचाच आहे, पण अनुसूचित जमातीचा नव्हे. हे दोन रकाने भरताना विद्यार्थ्यांना नियम सांगण्याऐवजी आम्ही दोन्ही नावे फळ्यावर सबंध लिहून दाखवतो.