महत्त्वाचे आणि सूचक

इंग्रजीतील ‘इंपॉर्टंट’ व ‘सिग्निफिकंट’ या दोहोंसाठी आपण बहुधा ‘महत्त्वाचे’ हा एकच शब्द योजतो. व्यवहारात त्यावाचून फारसे अडत नाही. इतिहास लिहिताना मात्र अडते. दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले. पहिल्याच्या मुळाशी ‘आत वाहून आणणे’ ही कल्पना आहे. जे परिणाम घेऊन येते ते महत्त्वाचे. दुसऱ्याच्या मुळाशी ‘चिन्ह’ आहे. जे स्वतःपलीकडील कशाची खूण पटविते ते सूचक.

हा भेद आम्हांस कोपरगावी स्पष्ट दिसतो. १७५८ साली लाहोरपर्यंत धडक मारणारे रघुनाथराव पेशवे अखेरीस या गोदातीरी येऊन राहिले व ११ डिसेंबर १७८३ रोजी निवर्तले. त्यांस दरमहा २५,००० रुपये मिळावे असे १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ठरले होते. तो तह महत्त्वाचा खराच. त्याने युद्ध थांबले, सवाई माधवराव हेच पेशवे असे कंपनीने मान्य केले, आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली तरी पुढे वीस वर्षे त्यांच्याशी नवे युद्ध झाले नाही. त्या मानाने रघुनाथरावांच्या कोपरगावच्या वास्तव्याने काय घडविले? जवळजवळ काहीच नाही.

परंतु ते सूचक होते. घरच्या माणसाचा तनखा पुण्याच्या दरबाराने द्यावयाचा. पण त्याचे कलम परक्यांशी केलेल्या तहात लिहावे लागले! पित्याच्या मृत्युसमयी आठ वर्षांचे असलेले बाजीराव १८१८ साली सालिना आठ लाखांचा तनखा घेऊन गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले. या वेळी धनी कंपनी होती.

तथापि खूण म्हणजे कारण नव्हे. कोपरगावामुळे पेशवाई बुडाली असे कोणी म्हणेल तर ते चूक. मधे १८०२ चा वसईचा तह आहे, आणि तो टाळता येण्याजोगा होता. १७८२ साली यश मिळविणाऱ्या मुत्सद्द्यांस १८१८ दिसत नव्हते. ते आपणांस दिसते, म्हणून त्यांस दोष देणे न्यायाचे नाही. केवळ परिणाम मोजणारा इतिहासकार कोपरगाव गाळून पुढे जाईल. केवळ खुणा शोधणारा प्रत्येक गोष्टीत अपशकुन पाहील. दोन शब्द निरनिराळे ठेवले, तर या दोन्ही चुका टळतात.