नांव न सांगणारी संस्थापिका

विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्क शहरांतील पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबें गरीब स्थलांतरितांचीं होतीं. मुलगा हुशार असला तरी फी आड येई. माजी मेयर ह्यू ग्रँट १९१० सालीं वारल्यावर त्यांच्या पत्नी ज्यूलियाबाईंनीं जेझुइट पाद्र्यांना द्रव्य दिलें. त्यांतून १९१४ सालीं मुलांना कॉलेजसाठीं तयार करणारें रेजिस हायस्कूल निघालें. फी नाहीं, आणि दात्रीचें नांवहि नाहीं! आपल्याकडे धर्मशाळेच्या पायरीवरहि दात्याचें नांव कोरलेलें असतें. येथें शाळेला नांव मिळालें तें सतराव्या शतकांतील फ्रेंच संत रेजिस यांचें. बाईंना सारे नुसतें ‘संस्थापिका’ म्हणत. प्रवेश परीक्षेनें मिळे. ब्रुकलिनमधील एका औषधविक्रेत्याचे चिरंजीव, पुढें साथरोगतज्ज्ञ म्हणून गाजलेले अँथनी फाउची, १९५८ सालीं येथूनच बाहेर पडले. फी अद्यापहि घेत नाहींत.