न दिसणारे रसायनशास्त्र शिकवताना

रसायनशास्त्र अवघड का वाटते? परीक्षानळीतला रंगबदल डोळ्यांना दिसतो, समीकरण फळ्यावर असते. पण या दोहोंना जोडणारे रेणू आणि आयन कुणालाच दिसत नाहीत. ग्लासगो विद्यापीठाचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी या तीन पातळ्यांची मांडणी केली. शिक्षक त्यांमध्ये सवयीने ये-जा करतो. नवखा विद्यार्थी तिन्ही एकदम पेलताना गोंधळतो आणि पाठांतराकडे वळतो.

संवादी तंत्रज्ञानाचे खरे काम इथे आहे. चलचित्र नुसते पाहायचे असते. संवादी साधनात मात्र विद्यार्थी स्वतः संहती बदलतो, आम्ल बदलतो आणि परिणाम पाहतो. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प अशी सिम्युलेशने मोफत देतो. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईची सी-डॅक यांनी शालेय प्रयोगांसाठी ‘ओ-लॅब्ज’ उभारले. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमुळे ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावरचे साहित्यही हाताशी आले. साधनांची वानवा उरलेली नाही. ती वर्गात कधी आणि कशासाठी वापरायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊ. हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक आम्लांची प्रत्येकी ०.०१ मोलार द्रावणे आहेत. संहती सारखी, मग सामूही सारखाच येईल का? आधी प्रत्येकाने आपले भाकीत वहीत लिहावे, मगच ‘फेट’चे आम्ल-आम्लारींचे सिम्युलेशन उघडावे. पहिल्याचा सामू २, दुसऱ्याचा साधारण ३.४. वाहकता तपासताना पहिल्या द्रावणात दिवा प्रखर, दुसऱ्यात मंद. भिंगातून पाहिले की कारण उलगडते: हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू विलग होऊन त्यांचे आयन झालेले, ॲसेटिकचे शंभरातले जेमतेम चार. व्याख्या पाठ करूनही सौम्य आम्ल आणि विरल आम्ल यांतला जो फरक निसटतो, तो मुले आता स्वतःच्या शब्दांत सांगू लागतात. चुकलेले भाकीत खोडायचे नाही. चर्चा तिथूनच सुरू करायची.

पण चित्र काही गोष्टी लपवतेही. प्रत्यक्षात या द्रावणात आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे साडेपाच हजारांहून अधिक रेणू असतात. तेवढे पडद्यावर मावत नाहीत. हे शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. आणि पडदा हा प्रयोगशाळेला पर्याय नाही. अनुमापनात ज्या थेंबाला फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग टिकतो, त्याच थेंबाला ब्युरेटची तोटी बंद करणे हाताला सरावानेच जमते. वाळूजच्या औषध कारखान्यांतील तपासणी विभागात उद्या आपल्याच विद्यार्थ्यांना तो सराव उपयोगी पडणार आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरात शिक्षण मुलांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाला एक परंपरा आहे. एके काळी इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण दाराशी आणण्याचे ते काम होते. कन्नड, सिल्लोड, पैठणच्या शाळांतील मुलांना त्याच विद्यापीठात आत्मविश्वासाने रसायनशास्त्र निवडता यावे, ही आजची जबाबदारी आहे.

त्यासाठी प्रत्येक बाकावर संगणक असण्याची गरज नाही. ‘फेट’ची अनेक सिम्युलेशने एकदा उतरवून घेतली की इंटरनेटविना चालतात, एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर पुरतो. पुढील प्रकरणे द्रावणे, रासायनिक बंध, अभिक्रियांचा वेग आणि समतोल या क्रमाने आहेत. प्रत्येक प्रकरणात आधी प्रश्न, मग सिम्युलेशन, शेवटी परीक्षानळी. शिक्षकांनी सगळे एकदम करू पाहू नये. जो घटक शिकवताना वर्ग दरवर्षी अडतो तोच निवडावा, त्यावर एक चांगला प्रश्न तयार करावा आणि मुलांची उत्तरे जपून ठेवावीत. मराठवाड्यातील वर्गांतून जमलेली अशी उत्तरे हाच या विषयाच्या पुढच्या अभ्यासाचा पाया ठरेल.