आजीव सदस्य पद्धत

आजीव सदस्य पद्धत ही महाराष्ट्रातील शैक्षणिक व समाजसेवी संस्थांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली संस्थाचालनाची एक पद्धत होय. या पद्धतीत संस्थेचे पूर्णवेळ कार्यकर्ते ठरावीक काळ, बहुधा वीस वर्षे किंवा आयुष्यभर, अल्प वेतनावर सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतात आणि संस्थेच्या कारभाराची जबाबदारीही सामुदायिकपणे उचलतात. पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ही पद्धत प्रथम व्यापक प्रमाणावर अमलात आणली. पुढे भारत सेवक समाज, हिंगणे येथील महर्षी कर्वे यांच्या संस्था, रयत शिक्षण संस्था इत्यादींनी आपापल्या गरजेनुसार तिच्यात बदल करून ती स्वीकारली. संस्थापकांचा मृत्यू, राजीनामा किंवा मतभेद अशा प्रसंगी संस्था टिकवून धरणारी व्यवस्था म्हणून या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

‘आजीव सदस्य’ ही संज्ञा मराठीत दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. ग्रंथालये, साहित्यसंस्था, व्यायामशाळा व ज्ञातिसंस्था यांत एकरकमी वर्गणी भरून कायमचे सभासदत्व घेणाऱ्या व्यक्तीस आजीव सदस्य किंवा आजीव सभासद म्हणतात. अशा सभासदावर कामाचे बंधन नसते. प्रस्तुत लेखातील आजीव सदस्य हा वर्गणीदार नसून आपली सेवा संस्थेला देणारा कार्यकर्ता असतो. काही संस्था अशा कार्यकर्त्यास ‘आजीव सेवक’ असे म्हणतात. रयत शिक्षण संस्थेत आजीव सदस्य व आजीव सेवक या दोन्ही संज्ञा प्रचारात आहेत.

पार्श्वभूमी

२ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांनी ती सुरू केली. गोपाळ गणेश आगरकर व वामन शिवराम आपटे लवकरच त्यांना येऊन मिळाले. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असताना या पदवीधरांनी खाजगी शाळेतील तुटपुंज्या वेतनाचे काम पत्करले होते.

शाळेवर नेतृत्वबदलाचा पहिला प्रसंग दोनच वर्षांत आला. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकरांचे निधन झाले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. शाळेचा डोलारा चार-पाच व्यक्तींवर उभा होता आणि त्यांपैकी तिघे एकाच वर्षात दूर झाले. तरीही शाळा चालू राहिली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली, तेव्हा संस्थापकांच्या परस्पर विश्वासावर चाललेल्या कामाला नियमांची चौकट मिळाली. २ जानेवारी १८८५ रोजी सोसायटीचे फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले.

स्वरूप

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मूळ योजनेची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात :

• सेवेची मुदत : आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे असे.
• समान व अल्प वेतन : प्रारंभीच्या काळात आजीव सदस्यास दरमहा ७५ रुपये मिळत. प्राचार्य आणि शाळेतील शिक्षक हे दोघेही आजीव सदस्य म्हणून समान दर्जाचे मानले जात.
• सामुदायिक कारभार : दैनंदिन कारभार आजीव सदस्य मंडळाकडे असे. देणगीदार व प्रतिष्ठित नागरिकांना नियामक मंडळात स्थान असे.
• मालकीचा अभाव : शाळा, इमारती व निधी संस्थेच्या नावे असत. राजीनामा देणाऱ्या सदस्यास, तो संस्थापक असला तरी, त्यांवर हक्क सांगता येत नसे.

शेवटचे वैशिष्ट्य नेतृत्वबदलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरले. सदस्याची प्रतिज्ञा संस्थेशी असल्याने प्रमुख व्यक्ती बदलली तरी इतरांचे बंधन कायम राहत असे.

१८९० मधील मतभेद

या पद्धतीची पहिली कसोटी १८९० साली लागली. वाद प्रतिज्ञेच्या अर्थाविषयीच होता. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरील कामातून मिळणारे उत्पन्न संस्थेत जमा करावे, अशी टिळकांची भूमिका होती. त्यासाठी ते जेझुइट पाद्र्यांच्या त्यागाचा दाखला देत. आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले आदी सदस्यांना हे बंधन इतके कडक असावे असे वाटत नव्हते. नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात लेखन किंवा सार्वजनिक कार्य करण्याची मोकळीक सदस्यास असावी, असे त्यांचे म्हणणे होते. वेतनवाढीचा प्रश्न आणि टिळक-आगरकर यांच्यातील सामाजिक सुधारणेविषयीचे मतभेद यांमुळे हा वाद अधिक तीव्र झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा तो विकोपाला गेला. टिळकांनी ऑक्टोबर १८९० मध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये सविस्तर पत्र लिहून त्यामागील कारणे मांडली.

या घटनेकडे बहुधा दोन थोर पुरुषांमधील बेबनाव म्हणून पाहिले जाते. संस्थाचालनाच्या दृष्टीने त्यात आणखी एक प्रश्न होता. सर्वांनी एकच प्रतिज्ञा घेतली असली, तरी तिचा अर्थ कोणी ठरवावयाचा? टिळकांच्या मते तो संस्थेच्या मूळ हेतूवरून ठरत होता, तर इतरांच्या मते मंडळाच्या बहुमतावरून. अखेर बहुमताचे तत्त्व टिकले. संस्था दुभंगली नाही, परंतु तिला एका संस्थापकास मुकावे लागले.

नेतृत्वाचे संक्रमण (१८९१–१९०२)

टिळकांच्या जाण्याने फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी मुंबईत शिक्षकी करणारे आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतले आणि १८९१ च्या अखेरीस कर्वे तेथे रुजू झाले. ऑगस्ट १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले व आगरकर प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी आगरकरांचेही वयाच्या ३८ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यानंतर महादेव शिवराम गोळे यांनी हे पद सांभाळले. निधी जमविण्यात अग्रेसर असलेले नामजोशी १८९६ साली निवर्तले.

अशा रीतीने स्थापनेनंतर सोळा-सतरा वर्षांच्या आत चिपळूणकर, आपटे, आगरकर व नामजोशी यांचे निधन झाले होते आणि टिळक संस्थेबाहेर पडले होते. तरीही याच काळात महाविद्यालय स्वतःच्या इमारतीत गेले आणि विद्यार्थिसंख्या व लौकिक वाढला.

१९०२ साली गोळे व गोखले सेवेतून निवृत्त झाले. पुढील प्राचार्याची सोय मात्र आधीच झालेली होती. फर्ग्युसनचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले, त्यापूर्वीच त्यांनी परतल्यावर आजीव सदस्य होण्याचे कबूल केले होते. १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. त्यानंतर मोठ्या पगाराची सरकारी पदे त्यांच्या आवाक्यात होती, तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे १९०२ साली ते प्राचार्यपदी रुजू झाले. त्यांच्या रूपाने संस्थेच्या माजी विद्यार्थ्याकडे तिचे नेतृत्व आले.

इतर संस्थांमधील प्रसार

कर्वे यांच्या संस्था

कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० साली आश्रम पुण्याजवळील हिंगणे येथे गेला. कर्वे स्वतः १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये अध्यापन करीत होते, त्यामुळे आश्रमाचे दैनंदिन काम इतरांनी सांभाळणे प्रथमपासूनच आवश्यक होते. निष्ठावान कार्यकर्त्यांचा संघ उभा करण्याच्या हेतूने त्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन केला. आश्रमात शिकलेल्या स्त्रिया पुढे त्याच्याच कार्यकर्त्या झाल्या, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. पार्वतीबाई आठवले या त्यांपैकी प्रमुख होत. संस्थेसाठी निधी जमविण्याकरिता त्यांनी देशभर प्रवास केला व त्या अमेरिकेलाही गेल्या.

भारत सेवक समाज

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील अनुभवाला त्यांनी येथे अधिक कठोर रूप दिले. सदस्यास सात शपथा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. स्वतः गोखले ‘प्रथम सदस्य’ या नात्याने समाजाचे प्रमुख होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले आणि उत्तराधिकाराचा प्रश्न उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले मोहनदास करमचंद गांधी यांनी समाजात यावे, अशी गोखल्यांची इच्छा होती. परंतु गांधींचे विचार व कार्यपद्धती समाजाच्या धोरणाशी जुळतील की नाही, याविषयी सदस्यांत दोन तट पडले. आपल्यामुळे समाजात फूट पडू नये म्हणून गांधींनी सदस्यत्वाचा अर्ज मागे घेतला. गोखल्यांना ते गुरुस्थानी मानीत आणि समाजाशी त्यांचे संबंध पुढेही सलोख्याचे राहिले. अध्यक्षपदी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची निवड झाली. त्यांच्यानंतर १९२७ ते १९३५ या काळात गोपाळ कृष्ण देवधर, तर १९३६ पासून १९७८ पर्यंत हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष होते. पहिल्या तीस वर्षांत समाजाचे तीन प्रमुख झाले, तर नंतरची चाळीसहून अधिक वर्षे एकच अध्यक्ष होते.

रयत शिक्षण संस्था

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. येथे आजीव सदस्यांच्या त्यागाला ग्रामीण समाजाच्या सहभागाची जोड मिळाली. गावकऱ्यांनी शाळा व वसतिगृहांसाठी जमीन, धान्य व श्रम दिले. विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने शिकले आणि त्यांपैकी अनेक जण पुढे संस्थेचेच सेवक झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, त्या वेळी संस्था अनेक शाखांत पसरलेली होती. गावोगावच्या शाखांमागे स्थानिक लोक उभे असल्याने संस्थापकाच्या पश्चातही तिचा विस्तार चालू राहिला.

महाराष्ट्राबाहेर

लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोर येथे स्थापन केलेले लोकसेवक मंडळ हे आजीव सेवकांच्या तत्त्वावरच उभे होते. १९२८ साली लजपतरायांच्या निधनानंतर पुरुषोत्तमदास टंडन त्याचे अध्यक्ष झाले. लालबहादूर शास्त्री हेही या मंडळाचे आजीव सदस्य होते.

कायदेशीर चौकट

अशा बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. महाराष्ट्रात त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही लागू होतो. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदलल्यास या अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बदल अर्ज सादर करावा लागतो. चौकशीअंती तो मंजूर झाल्यावर अधिकृत नोंदवहीत नव्या पदाधिकाऱ्यांची नावे लागतात. संस्थेत दोन गट पडल्यास दोन्ही गट आपापले बदल अर्ज दाखल करतात आणि निर्णय होईपर्यंत कारभार अडून राहण्याचा संभव असतो. पदाधिकारी कोण, याचा निर्णय कायदा देऊ शकतो. कार्यकर्त्यांनी व समाजाने नव्या पदाधिकाऱ्यांना स्वीकारणे ही मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरची बाब राहते.

मर्यादा व टीका

सुरुवातीच्या काळातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य प्रामुख्याने पुण्यातील ब्राह्मण समाजातील सुशिक्षित पुरुष होते. आजीव सदस्यच नव्या आजीव सदस्यांची निवड करीत असल्याने मंडळ एकाच सामाजिक वर्तुळात बंदिस्त राहण्याचा धोका या पद्धतीत होता. हिंगण्याच्या संस्थेने स्त्रियांना आणि रयत शिक्षण संस्थेने बहुजन समाजाला स्थान देऊन हे वर्तुळ रुंद केले.

दुसरी मर्यादा कुटुंबीयांच्या वाट्याला येणाऱ्या ओढाताणीची होती. प्रतिज्ञा सदस्य घेत असे, पण अल्प वेतनात संसार चालविण्याचा भार प्रामुख्याने घरातील स्त्रियांवर पडे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी आपले दागिने मोडले, ही घटना सर्वश्रुत आहे.

तिसरी मर्यादा मतभेदांसंबंधीची होती. वेतन, बढती व मालकी यांसारख्या सौम्य करणाऱ्या बाबी नसल्याने मतभेद थेट निष्ठेच्या प्रश्नावर येत आणि अल्पमतातील सदस्यापुढे राजीनाम्यावाचून फारसा मार्ग उरत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर शाळा व महाविद्यालयांना सरकारी अनुदान अधिक व्यापक प्रमाणावर मिळू लागले. शिक्षकांची वेतनश्रेणी, निवृत्तीचे वय व सेवाशर्ती शासनाच्या नियमांनुसार ठरू लागल्या. त्यामुळे शिक्षकांचे आर्थिक स्थैर्य वाढले, पण आजीव सदस्य व इतर शिक्षक यांच्या वेतनातील त्यागाचा भेद पुसट झाला. काही संस्थांमध्ये आजीव सदस्यत्व आजही अस्तित्वात असले, तरी त्याचा भर आर्थिक त्यागापेक्षा प्रशासकीय जबाबदारीवर अधिक आहे.

महत्त्व

आजीव सदस्य पद्धतीने महाराष्ट्रात संस्थापकाच्या पश्चात चालणाऱ्या संस्थांची परंपरा निर्माण केली. फर्ग्युसनमधून कर्वे व गोखले यांनी हा अनुभव इतर क्षेत्रांत नेला, हा तिचा दूरगामी परिणाम होय. ज्या संस्थांनी प्रमुख हयात असतानाच पुढील पिढी तयार केली आणि ज्यांच्यासाठी संस्था चालविली त्यांनाच तिचे कार्यकर्ते केले, त्यांचे नेतृत्वबदल तुलनेने सुरळीत झाले, असे वरील उदाहरणांवरून दिसते.

हे सुद्धा पहा

• डेक्कन एज्युकेशन सोसायटी
• फर्ग्युसन महाविद्यालय
• भारत सेवक समाज
• रयत शिक्षण संस्था
• धोंडो केशव कर्वे