अकलोलीचं गरम पाणी, अर्नाळ्याची होडी आणि एक नवस

हेडफोन नीट लावा, आज आपण फिरायला निघालोय.

लाँग वीकेंड जवळ आला की फोनवर तेच रील येतं. कॅरिबियन समुद्र, निळंशार पाणी, एका बेटावर नाश्ता, दुसऱ्यावर जेवण. बघायला भारीच वाटतं. पण व्हिसा, तिकीट आणि मॅनेजरची परवानगी, या तीन गोष्टी एका वीकेंडमध्ये जमत नाहीत ना! म्हणून मी नकाशा उघडला आणि बोट ठेवलं भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीवर.

तुम्ही म्हणाल, अकलोलीत कुठलं बेट? बेट नाही, पण तिथून एक पाणी वाहतं आणि ते आपल्याला बरोबर बेटापर्यंत नेतं.

अकलोली तानसा नदीच्या काठी आहे. इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक पिढ्यान्‌पिढ्या अंघोळीला येतात. शेजारी वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, तिथेही गरम झरे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. म्हणजे खाली कुठे ज्वालामुखी धुमसतोय असं काही नाही. याच तानसेवर वरच्या बाजूला १८९२ साली धरण पूर्ण झालं आणि तिचं पाणी मुंबईच्या नळाला आलं. उरलेली नदी पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला. त्या मुखाशी एक बेट आहे, अर्नाळा. किनाऱ्यावरून होडीत बसायचं आणि थोड्याच वेळात समोर किल्ला. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, वाळत घातलेली मासळी आहे आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं!

आता गोष्ट थोडी मागे नेऊ. १४९२ मध्ये कोलंबस भारत शोधायला निघाला आणि पोचला कॅरिबियन बेटांवर. दोनच वर्षांनी स्पेन आणि पोर्तुगालनं करार करून जग आपसांत वाटून घेतलं. कोणालाही न विचारता! पश्चिमेकडची ती बेटं स्पेनच्या वाट्याला गेली, आपल्याकडचा समुद्र पोर्तुगालच्या. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. म्हणजे रीलमधलं ते बेट आणि आपला अर्नाळा एकाच वाटणीत सापडले होते.

वसईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला वैतरणेचं मुख, दक्षिणेला वसईची खाडी, खाडीपलीकडे साष्टी बेट. पोर्तुगिजांची खरी ताकद बोटींत होती. एका ठाण्यावर हल्ला झाला की दुसऱ्या ठाण्यावरून पाण्यानं मदत यायची. त्यामुळे एकटी वसई घेऊन भागणार नव्हतं. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा तेव्हा तिशीच्या आसपासचे. त्यांच्या मोहिमेत १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे आणि साष्टीचा मोठा भाग घेतला आणि त्याच महिन्यात अर्नाळाही. पुढे माहीम, तारापूर, वर्सोवा. आपण सुट्टीत बेटामागून बेट करतो, तसं त्यांनी ठाण्यामागून ठाणं केलं. फक्त प्रत्येक मुक्कामाला माणसं मेली. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. तिकडे गोव्यावरही मराठ्यांची फौज गेली होती, त्यामुळे वसईला मोठी कुमक पाठवणं पोर्तुगिजांना जमलं नाही.

तरीही वसई पडेना. तट भक्कम, आतले लोकही जिवावर उदार होऊन लढत होते. बुरुजांखाली भुयारं खणून सुरुंग लावावे लागले. परंपरा सांगते की याच काळात चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला: वसई मिळू दे, तुझं देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पोर्तुगिजांना आपली माणसं आणि सामान घेऊन सन्मानानं बाहेर पडू दिलं. आणि नवस फिटला. अकलोलीच्या शेजारी टेकडीवर, पायऱ्या चढून गेल्यावर दिसणारं वज्रेश्वरीचं देऊळ ते हेच. लांबून बघाल तर वाटेल, किल्ल्याचाच दरवाजा आहे!

दीड वर्षात, डिसेंबर १७४० मध्ये चिमाजी अप्पा गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजीरावही गेले होते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र अजून आहेत. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या टांगलेल्या दिसतात. एका देवाची घंटा दुसऱ्या देवापुढे. याचा अभिमान वाटावा की थोडं थबकावं? मला दोन्ही वाटतं. कारण वसईत आजही मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आहेत. ते परके नाहीत, त्यांचीही ही जमीन आहे. विजयाची गोष्ट सांगताना त्यांना श्रोत्यांतून बाहेर काढायचं नसतं.

तर प्लॅन असा. पहिला दिवस अकलोली आणि वज्रेश्वरी. दुसरा दिवस अर्नाळा. होडी भरती-ओहोटीवर अवलंबून असते, म्हणून आधी गावात विचारा आणि पावसाळ्यात जाऊच नका. तिसरा दिवस वसईचा किल्ला. तिथून २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीनं खाडी ओलांडून भाईंदर. ज्या पाण्यासाठी दोन वर्षं लढाई चालली, ते आपण तिकीट काढून ओलांडतो.

कुंडात पाय सोडून बसाल तेव्हा एक करा. फोन बाजूला ठेवा आणि डोळे मिटा. आराम आपल्याला फुकट मिळालाय, पण तो स्वस्तात आलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाण्याजवळ जपून!